नव्वदच्या खाली

लेहच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या ध्वनिक्षेपकावरून बजावतात की पहिले एक-दोन दिवस काहीही करू नका. टॅक्सीवाला तेच सांगतो, हॉटेलवाला तेच सांगतो. झोपा, पाणी प्या, जिने चढू नका, आंघोळ राहिली तर राहू द्या. आता, सहल म्हटली की पहाटे साडेपाचला दारावर थाप, सहाला चहा आणि सातच्या ठोक्याला गाडीत, या शिस्तीत वाढलेल्या पुणेकर मंडळींना एवढे पैसे भरून आडवं पडायचं म्हणजे पाप वाटतं. आमच्यातल्या दोघीजणी तासाभरातच 'गच्चीवरून नुसतं बघून येतो' म्हणून उठल्या आणि अर्ध्या जिन्यात बसून राहिल्या. त्यांना समजवायला गेलेला माझा मेहुणाही त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. बराच वेळ तिघंही एकमेकांशी अवाक्षर न बोलता बसले होते. लडाखची शांतता म्हणतात ती हीच असावी, अशी माझी समजूत झाली.

मेहुणा आमच्या मोहिमेचा म्होरक्या. त्याचं अलंग-मदन-कुलंग झालेलं आहे, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झालेला आहे, आणि हे दोन्ही त्याला भेटणाऱ्या प्रत्येकाचं ऐकून झालेलं आहे. सह्याद्रीत तो चढता चढता बोलतो, ही त्याची ख्याती. पण कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक, आहे १,६४६ मीटर. लेहमध्ये तुमची उशीच साधारण ३,५०० मीटरवर असते. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवून वर दोन-तीन पर्वत्या रचायच्या आणि तिथे गादी टाकायची. त्या गादीवर मेहुणा पहिल्यांदाच गप्प पडलेला पाहून माझ्या बायकोला एकीकडे काळजी वाटत होती आणि दुसरीकडे बरंही वाटत होतं. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं!

दुसरे महत्त्वाचे सभासद म्हणजे ऑक्सिमीटरवाले काका. बँकेतून निवृत्त, आमच्या सोसायटीचे माजी अध्यक्ष. करोनाच्या काळात घेतलेलं ते बोटात अडकवायचं यंत्र कपाटात पडून आहे याचं शल्य त्यांच्या मनात होतं, ते लेहमध्ये फिटलं. सकाळ-संध्याकाळ ते सगळ्यांची बोटं तपासून वहीत आकडे टिपायचे. नव्याने वर आलेल्या माणसाचा आकडा तिथे पंच्याऐंशीच्या आसपास घुटमळतो, त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. पण ही झाली डॉक्टरांची भाषा. आमच्या लोकांनी त्या आकड्याकडे दहावीच्या टक्क्यांकडे बघावं तसंच बघितलं. ब्याण्णव मिळवणारी बाई आपला आकडा सहज म्हणून तीनदा बोलून दाखवी. ज्यांना ब्याऐंशी पडले ते 'बोट गार होतं' म्हणून फेरतपासणीचा अर्ज करत. माझ्या बायकोचा आकडा नेलपॉलिशमुळे दिसेचना, तर तिला काकांनी 'निकाल राखून ठेवलाय' असं सांगितलं. शेवटी त्यांनी आमच्या लडाखी गाईडचं बोट तपासलं. पंचविशीचा पोरगा, आम्ही पायी जाणार होतो त्या मार्खाच्या वाटेवर वाढलेला. आकडा आला पंच्याण्णव. काकांनी यंत्र झटकलं, पुन्हा लावलं. पंच्याण्णव. "बॅटरी उतरलीय," असं म्हणून त्यांनी ते खिशात टाकलं.

तिबेटी पठारावरच्या माणसांच्या रक्तातच या हवेची सोय आहे. ईपीएएस-१ नावाच्या जनुकाचा एक खास प्रकार त्यांच्यात आढळतो. त्यामुळे आपल्यासारखं त्यांचं रक्त उंचीवर दाटत जात नाही. आणि २०१४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की हा प्रकार डेनिसोव्हन नावाच्या, आता नामशेष झालेल्या मानववंशाकडून आलेला आहे. हे मी रात्री झोपताना सांगितलं. काका थोडा वेळ विचार करत राहिले. "आपल्या पूर्वजांनी आपल्याला काय दिलं? गोत्र आणि मधुमेह," एवढं बोलून ते वळले आणि झोपले.

रात्री धप्प असा आवाज झाला. सगळे दचकून उठले. बाकरवडीचं पाकीट फुटलं होतं. पुण्याच्या हवेत बंद केलेली पाकिटं लेहमध्ये टम्म फुगतात, कारण बाहेरच्या हवेचा दाब पुण्यापेक्षा कितीतरी कमी. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वर गेल्यावरही तेच असतं, एकवीस टक्के. पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात माल कमी येतो. कोंगमारू ला ही आमच्या वाटेवरची खिंड ५,२०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. थोडक्यात, दर दोन श्वासांमागे एक फुकट जातो. हे ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे भांडण करायचं असेल तर लेहमध्येच उरकून घ्यायला हवं." आणि तिने ते उरकलं.

असो. एवढ्या लांब आम्ही कशाला आलो होतो, हेही सांगायला हवं. काकांना 'अस्सल तिबेटी संस्कृती' बघायची होती. एक आयटीतली मुलगी होती, तिला 'तिथली ऊर्जा' अनुभवायची होती. मेहुण्याला खिंड मारायची होती. बायको 'हे एकटे गेले तर कोण बघणार' म्हणून आली होती. आणि सगळ्यांना, न चुकता, 'दुर्गम' काहीतरी हवं होतं. या खुळाचं मूळ कुठे आहे याची मी चौकशी केली आहे. जेम्स हिल्टन नावाच्या इंग्रज लेखकाने १९३३ साली 'लॉस्ट होरायझन' ही कादंबरी लिहिली, तिच्यात शांग्रिला नावाचा एक मठ कल्पिला, जिथे माणसं म्हातारी व्हायचीच विसरतात. तेव्हापासून अर्धं जग हिमालयापलीकडे तारुण्य आणि शांती शोधत फिरतंय. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी चोमा दे कोरोश नावाचा एक हंगेरियन विद्वान आपल्या लोकांचं मूळ शोधायला पायी निघाला होता. तो येऊन अडकला झंस्कारमधल्या झांगला गावात. पूर्वज काही सापडले नाहीत. त्याऐवजी त्याच्या हातून तिबेटी-इंग्रजी शब्दकोश झाला, १८३४ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. मला हा माणूस आवडतो. आमच्यातल्या एकाच्याही हातून तेवढं काही झालं नाही.

आणि 'दुर्गम' म्हणजे तरी काय? शेकडो वर्षं लेह म्हणजे मोठी पेठ होती. यारकंद, ल्हासा, काश्मीर, पंजाब अशा चारी बाजूंनी तिथे तांडे यायचे. पश्मिना, मीठ, चहा, केशर यांचे सौदे व्हायचे. लेहचा व्यापारी चार भाषांत हिशोब करत होता तेव्हा आमच्या काकांचे पणजोबा पुण्याला जायचं म्हणून मृत्युपत्र करत असतील. सीमा बंद झाल्या तेव्हा ती पेठ थंडावली. मग १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं आणि आपण म्हणू लागलो, अहाहा, किती अनाघ्रात!

चिलिंग गावापासून मार्खाच्या खोऱ्याकडे चालायला सुरुवात. हे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचं गाव. शेच्या मोठ्या बुद्धमूर्तीसाठी सतराव्या शतकात नेपाळहून कारागीर आणले, त्यांचे हे वंशज, असं मानतात. पूर्वी इथे झंस्कार नदी तारेवर टांगलेल्या पेटाऱ्यात बसून ओलांडावी लागे. आता पूल आहे, याचं मेहुण्याला फार वाईट वाटलं. इतरांना अजिबात वाटलं नाही.

मार्खाचं खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं. डोळ्यांसमोर हिरवंगार जंगल आणू नका. मान्सून हिमालय ओलांडून इकडे फारसा येत नाही, वर्षभराचा पाऊस आपल्या लोणावळ्याला एका दिवसात पडून जातो. उघडे डोंगर, विटकरी, जांभळे, शेवाळी. तळाशी नदी, आणि जिथे ओढ्याचं पाणी वळवता आलं तेवढ्याच तुकड्यावर सातूची शेती, चार विलोची झाडं. सावली मिळाली की माणसं तिच्यावर रुमाल टाकून जागा धरतात. आमच्यातल्या मुंबईकरांनी तीन-तीन रेनकोट आणले होते. ते शेवटपर्यंत घोड्यांच्या पाठीवर घडीत राहिले.

वाटेत जागोजागी मणी-भिंती लागतात. 'ओम मणी पद्मे हुम्' कोरलेल्या दगडांची कमरेएवढी रास, कधी कधी बरीच लांबच लांब. ती नेहमी उजव्या हाताला ठेवून जायचं, म्हणजे आपसूक प्रदक्षिणेची दिशा साधते. आम्हाला हे सांगावं लागलं नाही. मारुतीच्या देवळाने ते काम लहानपणीच केलेलं आहे. अडचण फक्त एवढी की उजव्या हाताला भिंत ठेवायची तर डावीकडची वाट घ्यावी लागते, आणि डावीकडची वाट हमखास चढाची असते. पहिल्या दिवशी सगळे भक्तिभावाने डावीकडून. तिसऱ्या दिवशी आयटीतली मुलगी भिंतीपाशी थांबून गाईडला विचारत होती, "मनातल्या मनात डावीकडून गेलं तर?" गाईड हसला. घोडे मात्र एकदाही चुकले नाहीत.

मार्खा गावात आम्ही घरगुती मुक्कामाला होतो. कोणाच्या घरी उतरायचं हे पाहुण्याने ठरवायचं नसतं. गावात घरांची पाळी लावलेली असते, ज्याची पाळी त्याचे पाहुणे. रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि वाटेचा डबा धरून ठरलेला दर. पाण्याचंही तसंच. बर्फाचं वितळलेलं पाणी पाटाने येतं, ते कोणाच्या शेताला कधी आणि किती, हे पाहायला गाव एक माणूस नेमतो, त्याला चुरपोन म्हणतात. काकांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. इमारतीतल्या टाकीच्या पाण्यावरून त्यांनी अध्यक्षपद गमावलेलं. "आणि भांडणं?" त्यांनी विचारलं. आमा-ले, म्हणजे घरधनीण, साठीच्या असाव्यात. हिंदीत म्हणाल्या, "होतात की. पण चुरपोनशी कोण भांडणार? पुढच्या वर्षी आपलीच पाळी आली तर?" काकांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, ऑक्सिजनच्या आकड्यांखाली.

लडाखी स्वयंपाकघर हा माणसाला दडपून टाकणारा प्रकार आहे. मधोमध नक्षीची लोखंडी शेगडी, भिंतभर फळ्या, त्यांवर पितळी पातेली, तांब्याच्या किटल्या, डाव, पळ्या, एकाखाली एक, उंचीप्रमाणे, लख्ख. माझी बायको दारातच उभी राहिली. तिने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात ओट्यावरचं काय काय माझ्यामुळे अस्ताव्यस्त असतं, ते सगळं त्या एका नजरेत होतं.

मग चहा. लाकडी नळकांड्यात चहाचं पाणी, लोणी आणि मीठ घालून दांड्याने वर-खाली घुसळतात. घुसळताना जो आवाज येतो त्यावरूनच त्याला गुरगुर चहा म्हणतात. काकांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं, ऊर्जा. पण ते गिळावं की नाही याचा विचार करत होते. माझं मत विचाराल तर त्याला चहा समजून प्यायलं की फसगत होते. सार समजून प्या, उत्तम लागतो. त्या कोरड्या थंड हवेत मीठ आणि स्निग्धांश दोन्ही अंगाला हवंच असतं. खरी पंचाईत पुढे आहे. पाहुण्याची वाटी रिकामी दिसणं हा तिथे यजमानाचा कमीपणा. तुम्ही एक घोट घ्या, आमा-ले लगेच काठोकाठ भरतात. मेहुण्याने 'संपवून टाकू एकदाचं' या मराठमोळ्या हिशोबाने वाटी एका दमात रिकामी केली, तर ती भरली. पुन्हा केली, पुन्हा भरली. त्या संध्याकाळी त्याने किती चहा ढोसला याची गणती नाही. युक्ती अशी की वाटी भरलेलीच ठेवायची आणि उठायच्या वेळी प्यायची. हे गाईडला ठाऊक होतं, पण मेहुण्याची मजा तो का घालवेल?

जेवायला स्क्यू होतं. कणकेच्या गोळीला अंगठ्याने खळगा पाडून ती बटाटा, गाजर, मुळ्याबरोबर शिजवायची. "अगं बाई, वरणफळं!" बायको म्हणाली, आणि तिथपासून तिचं आणि आमा-लेंचं जमलं. सकाळी भाजलेल्या सातूचं पीठ चहात कालवून पुढ्यात आलं. त्सांपा म्हणून पुस्तकात ज्याची एवढी वर्णनं वाचली होती ते हेच. आमच्या आजीने उन्हाळ्याच्या सुट्टीत गूळ-दूध घालून ते आम्हाला वर्षानुवर्षं खाऊ घातलेलं आहे, आणि आम्ही ते बशीखाली लपवलेलं आहे. पैसे भरून, ३,८०० मीटरवर चढून आल्यावर तेच आम्ही मागून मागून खाल्लं.

आयटीतल्या मुलीने रात्री शेगडीजवळ बसून धीर केला. "आमा-ले, इतक्या शांत जागी राहून मनाला कसं वाटतं?" आमा-लेंनी विणकाम खाली ठेवलं. "हिवाळ्यात कंटाळा येतो," त्या म्हणाल्या. "मुलं लेहला शाळेत. म्हशीएवढा बर्फ दारात. फोनला रेंज नाही." मग त्यांनीच विचारलं, "तुझा पगार किती?" मुलीने सांगितला. "आणि लग्न?" मुलगी गप्प. आमा-लेंनी तिची वाटी भरली. एवढ्या लांब येऊन तिला नेमकी नगरची मावशीच भेटली.

आता शौचालयाकडे वळायला हवं. सभ्य लोक हे टाळतात. पण मार्खाहून आलेला कोणताही माणूस अर्ध्या तासात याच विषयावर येतो, मग मीच का मागे राहू? लडाखी घरात ही खोली वरच्या मजल्यावर असते. मातीची जमीन, मधोमध एक चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि एक फावडं. काम झालं की फावडंभर माती भोकात टाकायची. खाली बंद खोली, तिचं दार बाहेरून. वर्षभराचं खत वसंतात शेतात जातं. वास नाही, माश्या नाहीत, पाणी नाही. पाणी नाही म्हणजे न्यायचंच नाही. ओल झाली की खत बिघडतं. इथे आमच्या संस्कृतीचा कणाच मोडला. काकांनी गाईडला बाजूला घेऊन 'अगदी थोडंसं, पेलाभर' अशी विनवणी करून पाहिली. चुरपोनच्या गावात ती चालणार नव्हती.

त्यात आम्ही बहुतेक जण डायमॉक्स घेत होतो. त्या गोळीने मूत्रपिंडं कामाला लागतात, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास वाढतो. फायद्याचं औषध. पण मूत्रपिंडं दिवस-रात्र ओळखत नाहीत. रात्री दर दोन तासांनी कोणी ना कोणी डोक्याला दिवा बांधून त्या जिन्याने वर जात असे. जिना म्हणजे खोबणी पाडलेलं एकच लाकूड. वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला वाट द्यायची, आणि कुत्र्याने दोघांवर भुंकायचं. एकदा मध्यरात्री आम्ही चौघं जण त्या दाराबाहेर रांगेत उभे होतो. वर आकाशात आकाशगंगा ठसठशीत दिसत होती. तिच्याकडे बघायला कोणाचं लक्ष होतं? काका म्हणाले, "आत कोण आहे? एवढा वेळ?" आतून मेहुण्याचा क्षीण आवाज आला, "चहा." मार्खाच्या पुढच्या वर्षीच्या सातूच्या पिकात आमच्या मंडळींचाही वाटा असणार, हे मी इथे नम्रपणे नोंदवून ठेवतो.

झोप लागलीच तर श्वास घोटाळे करतो. उंचीवर झोपेत माणसाचा श्वास काही क्षण चक्क थांबतो आणि मग जोराने दोन-चार उसासे येऊन गाडी पुन्हा सुरू होते. नव्याने वर आलेल्या बऱ्याच जणांना होतं असं. पण हे शेजारी झोपलेल्या बायकोला कोण सांगणार? गेली कित्येक वर्षं माझ्या घोरण्याने तिची झोपमोड होते. तिथे घोरणं थांबल्यामुळे तिला जाग आली. तिने आधी हाक मारली, मग ढोसलं, मग नाकाखाली हात धरला. तेवढ्यात माझा श्वास आला. "झोपा," ती म्हणाली, "पण आवाज करत झोपा."

हिमबिबट्या आम्हाला दिसला नाही. तो कोणालाच दिसत नाही, म्हणून तर त्याचे एवढे फोटो काढतात. निळ्या मेंढ्या, म्हणजे भरल, कळपांनी दिसल्या. मर्मोट बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभे राहून आमची धाप बघत होते. हँकर गावात गाईडने वरून जाळी ठोकलेला एक गोठा दाखवला. हिमबिबट्या, त्यांच्या भाषेत शान, छपराच्या भोकातून आत उतरला तर एका रात्रीत डझनांनी मेंढ्या मारतो. बिचाऱ्याला बाहेर पडता येत नाही आणि समोर पळापळ चालू. पूर्वी असा सापडलेला शान दगडांनी मारत. मग जाळ्या आल्या, आणि शानसाठी येणारे पाहुणे घराघरांत उतरू लागले. "मेंढी खाल्ली तर राग येतोच," गाईड म्हणाला, "पण तो गेला तर तुम्हीही जाल." पर्यावरणावरची इतकी स्वच्छ व्याख्यानं मी कमी ऐकली आहेत.

निमालिंग हा शेवटचा मुक्काम, ४,८०० मीटरच्या आसपास. रुंद कुरण, समोर कांग यात्सेचं बर्फाचं शिखर, सगळीकडे याक आणि झो. शिखर सुंदर होतं. वरण शिजत नव्हतं. त्या उंचीवर पाणी साधारण ८४ अंशांनाच उकळतं; नुसत्या पातेल्यात डाळ टाकली तर ती दुसऱ्या दिवशीही डाळच. म्हणून कुकर. पण कुकरमधला दाबही बाहेरच्या दाबावरच चढतो, तेव्हा आतलं तापमानही घरच्यापेक्षा कमीच. तीन शिट्ट्यांचा हिशोब तिथे चालत नाही. आचाऱ्याच्या तंबूबाहेर आमच्या दोन काकू स्टुलावर बसून शिट्ट्या मोजत होत्या आणि तो नेपाळी पोरगा आतून शिट्टीगणिक ओशाळत होता. बाहेर शून्याखाली गेलं होतं. एका काकूंनी त्याला विचारलं, "हिंग घातलास ना रे?"

पहाटे खिंड. याबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे, कारण पाहिलं थोडंच. पुढच्याचे बूट दिसतात. दहा पावलं, थांबा. मेहुणा गाईडच्या मागे मुकाट चालत होता. मध्येच त्याने एकदा तोंड उघडलं, आम्हाला वाटलं आता हरिश्चंद्रगड निघतो. पण त्याला जांभई आली होती.

कोंगमारू लाच्या माथ्यावर दगडांची रास आणि तिच्यावर तडतडणाऱ्या पताका: निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी, आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. त्यांवरचे मंत्र वाऱ्याने वाचायचे असतात. माणसाला दम नसतो हे या लोकांनी फार पूर्वीच ओळखलंय. गाईडने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "की की सो सो ल्हार्ग्यालो!" देवांचा विजय असो. खिंड चढून आलं की ती द्यायची रीत आहे. मग आमचीही पाळी. मेहुणा पुढे झाला. "छत्रपती," तो गरजला. आणि थांबला. आम्ही सगळे वाट बघतोय. "शिवाजी," तो म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकला. पुढचं येईचना. तेव्हा गाईडने मागून, एका श्वासात, स्पष्ट उच्चारांनी, सबंध घोषणा पूर्ण केली. आम्ही 'जय' म्हणालो, जमेल तसं. "तुम्हाला कशी येते?" काकांनी थक्क होऊन विचारलं. "सर, जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याचेच लोक जास्त," तो म्हणाला. "आणि सगळ्यांचा तिथेच दम संपतो."

उतरणीत घळ आहे, जांभळ्या-हिरव्या खडकांची, आणि एकच ओढा असंख्य वेळा ओलांडावा लागतो. गुडघे दुखले. शांग सुमदोला गाडी उभी होती.

परतीच्या आदल्या दिवशी लेहच्या तिबेटी बाजारात खरेदी. प्रार्थनाचक्रं, पिरोज्याच्या माळा, टोप्या, शाली. एका दुकानात लोकरीच्या टोप्यांचा ढीग आणि मागे चाळिशीची, गोल चेहऱ्याची बाई. बायकोने एक टोपी उचलली आणि मला मराठीत, बाईच्या तोंडावर, सगळा डाव समजावून सांगितला: "अहो, ती चारशे म्हणेल. आपण दीडशे म्हणायचं. मग उठून चालायला लागायचं. तुम्ही मागे वळून बघू नका, तुमचा चेहरा लगेच पडतो. बोलावते ती आपोआप." मग हिंदीत, गोड आवाजात, "दीदी, ये कितने का?"

"चारशे," बाई मराठीत म्हणाली. "आणि साहेबांचा चेहरा आताच पडला, ताई."

माझी बायको माहेरची नागपूरची. तिला गप्प झालेली मी तोवर फारशी पाहिली नव्हती. बाईचं माहेर निघालं गोठणगाव, गोंदिया जिल्ह्यात. तिबेटातून आलेल्या निर्वासितांची नोर्ग्येलिंग नावाची वसाहत तिथे १९७२ पासून आहे, हे आम्हाला तिच्याकडून कळलं. आम्हाला तिबेट म्हणजे ल्हासा आणि गोंदिया म्हणजे रेल्वेचं जंक्शन, एवढंच ठाऊक होतं ना. ती तिथेच जन्मली, धानाच्या बांधावर वाढली, जिल्हा परिषदेच्या पोरांशी भांडून मराठी शिकली, आणि लग्न होऊन लेहजवळच्या चोगलमसारला आली. दिवाळी झाली की स्वेटर घेऊन नागपूर, कधी पुणे.

"अस्सल तिबेटी," काका पुटपुटले.

"इथली थंडी सोसते तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"थंडीचं काही नाही हो. मे महिन्यात माहेरी गेली की जीव जाते. लेकरं म्हणतात, आई, तुझी शाळा कशी होती बावा त्या भट्टीत?"

मग पंधरा मिनिटं तर्री, संत्री आणि सीताबर्डीच्या फुटपाथवर कोणाची गाडी कुठे लागते यावर चर्चा झाली. भाव दोनशेवर आला. कोणी आणला ते मला कळलं नाही. बायकोने टोपी उलटसुलट करून पाहिली. "विणकाम इथलंच ना? लडाखी?"

"लुधियानाचं आहे, ताई," बाई म्हणाली. "पुण्यालाही हेच आणते मी. डिसेंबरात तिथंच घ्या न, इथून ओझं काऊन नेता?"

बायकोने चार घेतल्या.